विश्लेषण : मालीश केल्यावर अंगदुखी का थांबते? आणि मालीश कधी टाळायलाच हवी?

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की दिवसभर चिखलात वाकून राहणाऱ्या बायकांना रात्री कूस बदलणेही जड जाते. जवाहरनगरच्या आयुध निर्माणी वसाहतीत दुखण्याचे कारण वेगळे. तिथे काम स्फोटकांचे, शिवाय २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटाची आठवण अजून ताजी आहे. दोन्हीकडचा घरगुती उपाय मात्र बहुधा एकच : तेल लावून मालीश. त्याने बरे वाटते, हे खरेच. पण का?

मालीश नेमके काय करते?

गुडघा आपटला की आपण तो आपोआप चोळतो. त्याचे कारण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले. स्पर्श आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले की वेदनेच्या संदेशांची वाट अरुंद होते. दुखापत तिथेच असते, मेंदूपर्यंत तिची ओरड कमी पोहोचते.

दुसरा धागा ताणाचा. काळजीत माणूस नकळत खांदे, मान, जबडा आवळून धरतो. झोप मोडते आणि झोप मोडली की तेच दुखणे दुप्पट वाटते. म्हणूनच ‘समग्र’ उपचार करणारा चांगला मालीशतज्ज्ञ तेलाच्या बाटलीला हात लावण्याआधी प्रश्न विचारतो. दुखणे कधीपासून? पायात मुंग्या येतात का? झोप किती? पाळी कोणती? गोळ्या कोणत्या सुरू आहेत? हे प्रश्न न विचारता थेट पाठीवर बसणाऱ्याला समग्र म्हणू नये.

‘विषारी द्रव्ये बाहेर पडतात’ या जाहिरातीला मात्र आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडांचे.

पुरावा किती?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायाम आणि रुग्णाला समज देण्याबरोबर मालीशलाही जागा आहे. या सूचनांनुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. मात्र मालीशच्या बाजूचा पुरावा कमकुवत आहे आणि आराम बहुतेकदा थोड्या दिवसांचा. चालणे, व्यायाम आणि कामाची पद्धत बदलली नाही तर दुखणे परत येते.

कधी नकोच?

दिल्लीतील एका तरुणाचे प्रकरण २०१७ मध्ये चर्चेत आले. घोट्याच्या दुखापतीनंतर पाय प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर काढल्यावरही पाय दुखत, सुजत होता. आईने मायेने तेल चोळले. शिरेत साचलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली आणि तो दगावला. एम्सच्या डॉक्टरांनी या घटनेची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली.

त्यामुळे एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली तर आधी डॉक्टर. बाळंतपणानंतर अशा गुठळीचा धोका वाढलेला असतो, म्हणून बाळंतिणीला चोळणाऱ्या बाईलाही हे ठाऊक हवे. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, ताप असेल, त्वचेवर जखम किंवा संसर्ग असेल, तरी थांबावे. कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर तडक रुग्णालय गाठावे. सलूनमध्ये मान ‘कडकन’ मोडून घेणे तर बंदच करावे. मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

‘कुणाला नको’ हा विचार जुनाच आहे. रोज अभ्यंग सांगणारे ‘अष्टांगहृदय’ही अजीर्ण असताना ते टाळायला सांगते.

मग जायचे कुणाकडे?

दुखणे काही आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवून फिजिओथेरपिस्ट गाठावा. राज्यात त्यांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र परिषद आहे, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. आणि छातीत धडधड, दचकून जाग येणे, कामावर जायची भीती असे काही असेल तर ते तेलाने जाणारे नाही. त्यासाठी सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन आहे : १४४१६. ती २४ तास आणि मोफत चालते, मराठीतही बोलता येते.