बारावी झाली, आता कॉलेज की कामधंदा?

मे-जूनचे दिवस शेतकऱ्याच्या घरात दुहेरी काळजीचे असतात. एकीकडे बी-बियाण्याची आणि खताची जुळवाजुळव, दुसरीकडे दहावी-बारावीचा निकाल. निकाल चांगला लागला की गावात पेढे वाटले जातात आणि त्याच रात्री जेवणे उरकल्यावर ओसरीवर प्रश्न निघतो, “पोराचं पुढं काय?”

मग मुंबईला फोन जातो. कुणाचे मामा घाटकोपरला असतात, कुणाचे चुलते मुलुंडला, कुणाची आत्या अंधेरीला, तर कुणाचा मावसभाऊ बोरिवलीला. आई म्हणते, “अहो, त्याला शिकू द्या. आपल्यासारखं चिखलात राबायला नको.” वडील म्हणतात, “तीन-चार वर्षं पैसा कुठून आणू? मामाच्या ओळखीनं कुठं चिकटला, तर घराला हातभार तरी लागेल.” दोघांचेही खरेच असते. मुलगा मात्र खाली मान घालून बसलेला असतो, कारण त्याला कुणी विचारलेलेच नसते.

वाचकहो, या प्रश्नाला सगळ्यांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. परंतु मुलाला मुंबईच्या गाडीत बसवण्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घेतल्या, तर पुढचा पश्चात्ताप टळेल.

मामांच्या वेळची मुंबई

मामा मुंबईला गेले त्या वेळचा हिशेब सोपा होता. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, कारखान्यांची रांग होती. विक्रोळीला गोदरेज होते. कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटारी बनत. कांदिवलीच्या महिंद्राच्या कारखान्यात बनलेले ट्रॅक्टर आपल्या शिवारात चालले. अंधेरीला औद्योगिक वसाहत होती आणि तिथेच १९७३ साली सीप्झ सुरू झाले. मॅट्रिक झालेला, कधी कधी नापास झालेला मुलगाही गाववाल्याच्या ओळखीने बदली कामगार म्हणून लागे. मशीनवर उभा राहून काम शिके, पुढे कायम होई. प्रॉव्हिडंट फंड, बोनस आणि गणपतीची रजा हे सारे त्यात येई.

तो काळ गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत आणि कितीतरी कुटुंबे गावाकडे परतली. त्यानंतरच्या वर्षांत उपनगरांतले अनेक कारखानेही बंद पडले किंवा बाहेरगावी हलले. त्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या आणि उंच इमारती आल्या. आज मामांनी ओळख काढली, तरी ती बहुधा सुरक्षा रक्षकाच्या, सामान पोहोचवण्याच्या किंवा दुकानातल्या कामाची असते. कष्टाचे कोणतेही काम हलके नाही. पण अशा कामात अठराव्या वर्षी जो पगार मिळतो, त्याहून फारसा जास्त तिसाव्या वर्षीही मिळत नाही. हातात कसब येत नाही, हा त्यातला खरा तोटा.

कोरी पदवीही पुरत नाही

मग कॉलेजात घालावे म्हटले, तर उपनगरांत कॉलेजांची वाण नाही. अंधेरीचे भवन्स १९४६ पासून आहे, घाटकोपरचे झुनझुनवाला १९६३ पासून आणि मुलुंडचे वाणिज्य महाविद्यालय १९७० पासून. या कॉलेजांतून शिकून हजारो मुले मार्गाला लागली. परंतु केवळ “काहीतरी करायचे” म्हणून बी.ए. किंवा बी.कॉम.ला नाव घालायचे, तीन वर्षे गाईड वाचून पास व्हायचे आणि मग नोकरीच्या रांगेत उभे राहायचे, हा मार्ग शेतकऱ्याला परवडणारा नाही. त्या तीन वर्षांत घरची एखादी म्हैस विकली गेलेली असते किंवा सोसायटीचे कर्ज थकलेले असते.

असा पदवीधर मुलगा गावी परतला, तर त्याची मोठी पंचाईत होते. शेतात उतरायला लाज वाटते आणि कचेरीत कुणी घेत नाही. म्हणून मुलाने पुढे शिकावे की नाही, एवढेच विचारून भागत नाही. शिकून त्याच्या हाताला आणि डोक्याला नेमके काय येणार, हे विचारायला हवे. कामधंद्यालाही हाच प्रश्न लावावा.

हाताला कसब देणारी वाट

या दोन टोकांच्या मधली वाट म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजेच आयटीआय. मुलुंडला शासकीय आयटीआय आहे, पण त्यासाठी मुंबईच गाठायला हवी असे नाही. महाराष्ट्रात बहुतेक प्रत्येक तालुक्याला शासकीय आयटीआय आहे आणि प्रवेशाचा अर्ज घरबसल्या ऑनलाईन भरता येतो. दहावी झाली की फिटर, इलेक्ट्रिशियन यांसारखे दोन वर्षांचे किंवा वेल्डरसारखे एक वर्षाचे शिक्षण घेता येते. शासकीय संस्थेतली फी कॉलेजच्या मानाने फारच कमी असते.

त्यापुढची पायरी शिकाऊ उमेदवारीची, म्हणजे अप्रेंटिसशिपची. १९६१ च्या कायद्याने ही सोय झाली. तीस किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. मुलगा प्रत्यक्ष कामावर शिकतो आणि त्याला दरमहा विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्यासाठी ते किमान ७,००० रुपये ठरले होते. ही रक्कम वेळोवेळी बदलते, म्हणून चालू वर्षाचा आकडा आयटीआयमध्येच विचारावा. मुंबईची लोकल ज्या कारशेडमध्ये आणि कारखान्यांत दुरुस्त होते, तिथेही असे उमेदवार घेतात. रेल्वेच्या पहिल्या स्तराच्या भरतीत, रेल्वेत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी काही जागा राखीव असतात.

“आयटीआय केली म्हणजे शिक्षण संपले,” असा एक गैरसमज घरोघर असतो. तो काढून टाकावा. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा चांगल्या गुणांनी झाला, तर पुढे इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. वळसा लांबचा असला तरी वाट शिखराकडेच जाते, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर पोटापुरते कमावता येते. जर्मनीसारख्या पुढारलेल्या देशात लाखो मुले आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत, अशीच तयार होतात. तिथे कुणी त्यांना कमी लेखत नाही.

कमवा आणि शिका

काम आणि शिक्षण यांची सांगड घालण्यासाठी आपल्याला जर्मनीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. तिथे गरीब शेतकऱ्यांची मुले अंगमेहनत करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवीत. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द तिथूनच महाराष्ट्रभर गेले. आजही अनेक कॉलेजांत ही योजना चालते. तेव्हा साधी बी.ए. किंवा बी.एस्सी.च करायची असेल, तर मुंबईच्या भाड्याचा भार उचलण्याआधी आपल्या जिल्ह्यातले कॉलेज पाहून घ्यावे.

खुद्द मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले. तिथे नोकरी करणाऱ्या मुलांना सोयीचे व्हावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले होते. दिवसभर कचेरीत काम करणाऱ्या तरुणाने पदवीधर होऊ नये काय, हा त्यामागचा सवाल होता. आजही उपनगरांतल्या अनेक कॉलेजांत, विशेषतः वाणिज्य शाखेचे, वर्ग सकाळी भरतात आणि दुपारनंतर मुले काम करतात.

मात्र यातली एक अडचण आधीच ध्यानात घ्यावी. नियमित कॉलेजात ७५ टक्के हजेरी लागते. पूर्ण वेळची नोकरी धरली, तर हजेरी भरत नाही आणि परीक्षेला बसता येत नाही. अशा मुलाने नियमित कॉलेजाची फी वाया घालवू नये. मुंबई विद्यापीठाने १९७१ पासून घरी राहून शिकण्याची सोय केली आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली खास अशाच लोकांसाठी निघाले. सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रात जायचे, एरवी नोकरी करायची. पदवी तीच मिळते. मात्र रोज रात्री तासभर पुस्तक उघडण्याची शिस्त स्वतःलाच लावावी लागते.

चिरागनगरचा माणूस

कुणी म्हणेल, “शिकल्यावाचून मोठे झालेले नाहीत का?” घाटकोपरचे नाव निघाले की अण्णा भाऊ साठे आठवतात. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचा हा मुलगा वडिलांबरोबर पायी मुंबईला आला. शाळा जेमतेम दीड दिवसाची. गिरणीत आणि मिळेल तिथे काम करीत, दुकानांच्या पाट्या वाचत तो अक्षरे शिकला. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून त्याने लिखाण केले. ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली आली आणि मराठी साहित्यात अजरामर झाली.

ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, पण पुरी सांगावी. अण्णा भाऊंनी शाळा आवडीने सोडली नव्हती. गरिबीने आणि जातीच्या जाचाने ती सुटली. आणि १९६९ साली वयाच्या पन्नाशीआतच ते गेले, तेही हलाखीत. त्यांच्यापासून घ्यायचा धडा शाळा सोडण्याचा नव्हे. पोटासाठी राबतानाही ज्याने अक्षराचा हात सोडला नाही, त्या जिद्दीचा तो धडा आहे.

मुलींचा विचार

या साऱ्या चर्चेत मुलीचे नाव शेवटी येते आणि पुष्कळदा येतच नाही. “तिला काय, लग्न करून द्यायचंय,” असे म्हणून भावाच्या फीपायी तिचे शिक्षण थांबते. हे थांबायला हवे. आयटीआयमध्ये मुलींसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. बारावीनंतर परिचारिकेचे तीन वर्षांचे शिक्षण आहे, आणि दवाखाने गावात आहेत तसे मुंबईतही आहेत. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. त्यासाठी शासनाच्या प्रवेशफेरीतून प्रवेश घ्यावा लागतो. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा. जुलैत तहसील कचेरीत मोठी गर्दी असते.

गाडीत बसवण्यापूर्वी

मुलाला किंवा मुलीला मुंबईला पाठवण्यापूर्वी घरच्यांनी एकत्र बसून या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

पहिला प्रश्न, राहणार कुठे? मामांची खोली दहा बाय बाराची असते आणि तिथे आधीच पाच माणसे असतात. चार दिवस पाहुणचार ठीक, पण वर्षभराची सोय मामींशीही बोलून ठरवावी.

दुसरा, खर्च किती? भाडे, खाणावळ, लोकलचा पास, फी आणि आजारपणासाठी थोडी शिल्लक, असा वर्षाचा हिशेब करावा. एक पीक गेले तरी तो निभेल का, हेही पाहावे.

तिसरा, काम मिळणार असेल, तर त्यात शिकायला काय मिळेल? नेमणूक कागदावर आहे का? फंड कापला जातो का?

चौथा, कॉलेज असेल, तर त्या शिक्षणाने नेमके कोणते काम करता येईल? ते आधी केलेल्या दोघांना भेटून विचारावे.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा, मुलाची स्वतःची ओढ कशाकडे आहे? ज्याला पंपाची मोटार उघडून दुरुस्त करण्यात गोडी वाटते, त्याला हिशेबाच्या वहीसमोर बसवू नये. जो दिवा विझेपर्यंत वाचतो, त्याला केवळ पैशाअभावी वर्गाबाहेर काढू नये. त्याच्यासाठी शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि मुक्त विद्यापीठ यांची दारे ठोठावावीत.

आपण वाफसा आल्याशिवाय पेरत नाही आणि जमीन पाहिल्याशिवाय बी निवडत नाही. शेजाऱ्याने ऊस लावला म्हणून मुरमाड माळावर आपण ऊस लावीत नाही. मग मुलाच्या आयुष्याच्या बाबतीत मात्र शेजाऱ्याचा मुलगा काय करतो, तेवढेच का पाहावे?

यंदा निकाल लागला की पेढा मुलाच्या हातावर ठेवा आणि त्याला पहिल्यांदा विचारा, “बाळा, तुला काय करावंसं वाटतं?” त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्या. मग मुंबईला फोन लावा.