कीर्ती कॅनडाची, गोष्ट घरची

कडाक्याच्या थंडीत रात्री मागच्या अंगणात पाणी सोडायचे, त्याचा बर्फ झाला की मुलाला स्केट बांधून त्यावर खेळायला सोडायचे आणि आपण स्वयंपाकघराच्या खिडकीशी उबेत उभे राहून त्याच्यावर लक्ष ठेवायचे! कॅनडातील ब्रँटफर्ड गावचे वॉल्टर ग्रेट्स्की यांनी १९६०च्या दशकात हा उद्योग केला, तो काही जगज्जेता घडवण्यासाठी नव्हे. पोराला मैदानावर नेऊन तासन्‌तास थंडीत कुडकुडत बसण्याचा त्यांना कंटाळा आला होता. पुढे त्यांनी स्वतःच ही कबुली दिली.

कॅनडा हा आकाराने भारताच्या तिप्पट, पण लोकसंख्येने जेमतेम चार कोटींच्या घरातला देश. तरीही या देशाने जगाला मोठमोठे खेळाडू, वादक आणि चित्रकार दिले. त्यांच्या विक्रमांची माहिती कुठेही मिळेल. पण त्यांच्या घरात डोकावले, तर गमतीच्या आणि विचार करायला लावणाऱ्या कितीतरी गोष्टी सापडतात.

अंगणातला बर्फ

त्या अंगणात खेळणारा मुलगा म्हणजे वेन ग्रेट्स्की. तीन वर्षांचा होण्याआधीच त्याच्या पायात स्केट होते. सहाव्या वर्षी तो दहा वर्षांच्या मुलांच्या संघात खेळू लागला. संघाचा स्वेटर त्याला इतका मोठा होई की हॉकीची काठी त्यात अडकायची. मग वडील स्वेटरची उजवी बाजू विजारीत खोचून देत. ही सवय वेनला आयुष्यभर राहिली. जगप्रसिद्ध झाल्यावरही तो स्वेटर तसाच खोचून खेळे.

वॉल्टर टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. त्यांच्याकडे पैसा बेताचाच, पण डोके तल्लख! टीव्हीवर सामना सुरू असला की ते मुलाच्या हातात कागद-पेन्सिल देत. कागदावर मैदानाचा आराखडा असे. बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी रबराची चकती असते. ती जिकडे जाईल तिकडे कागदाकडे न बघता रेघ ओढायची. सामना संपला की जिथे रेघांची गर्दी, तिथे खेळाचा जीव! चकती आत्ता कुठे आहे यापेक्षा ती पुढे कुठे जाणार, हे ओळखायला मुलगा असा शिकला.

दहा वर्षांचा असताना वेनने एकाच हंगामात ३७८ गोल केले. १९९९ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ८९४ गोल होते. रशियाच्या ॲलेक्झांडर ओवेचकिनने २०२५ साली हा विक्रम मोडला. परंतु गोल आणि गोलला केलेली मदत मिळून वेनचे २,८५७ गुण होतात. त्याच्या जवळपासही अजून कोणी पोहोचलेले नाही. त्याचा ९९ हा क्रमांक तर संपूर्ण लीगने कायमचा राखून ठेवला आहे.

या कथेला एक दुखरी किनारही आहे. १९९१ साली वॉल्टर यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ते वाचले, पण मागच्या कित्येक वर्षांच्या आठवणी पुसल्या गेल्या. मुलाने चार वेळा स्टॅनले चषक जिंकला, तो सारा काळ त्यांच्या मनातून गेला. ज्या बापाने मुलाला हे दिवस दाखवले, त्यालाच ते आठवेनात!

चौदा इंचांची खुर्ची

टोरांटोचा ग्लेन गूल्ड हा विसाव्या शतकातील थोर पियानोवादकांपैकी एक. दहा वर्षांचा होईपर्यंत आई हीच त्याची गुरू होती. वादन अलौकिक, पण स्वभाव भारी विक्षिप्त. उन्हाळ्यातही तो कोट, मफलर आणि हातमोजे घालून फिरे. वाजवण्याआधी वीस-वीस मिनिटे हात गरम पाण्यात बुडवून ठेवी. वाजवताना गुणगुणण्याची खोड तर अशी की त्याच्या अनेक ध्वनिमुद्रिकांत पियानोमागे त्याचा आवाज ऐकू येतो.

त्याला पियानोसमोर अगदी खाली बसून वाजवायचे असे. नेहमीचे बाक त्याला चालेना. ‘नीट बस’ म्हणून रागावण्याऐवजी १९५३ साली वडिलांनी पत्ते खेळताना वापरायची घडीची एक खुर्ची घेतली. तिचे पाय सुमारे चार इंच कापले आणि प्रत्येक पाय वरखाली करता यावा म्हणून त्याला स्क्रू बसवले. खुर्चीची बैठक जमिनीपासून अवघी चौदा इंच उंच झाली.

ही खुर्ची ग्लेनने जन्मभर सोडली नाही. पुढे तिची गादी फाटून नुसता सांगाडा उरला, तरी तो त्यावरच बसे. १९६४ साली, ऐन भरात असताना, त्याने जाहीर मैफली कायमच्या बंद केल्या आणि फक्त ध्वनिमुद्रणाला वाहून घेतले. १९७७ साली अवकाशात निघालेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरचे निवडक संगीत पाठवले गेले. त्यात ग्लेनने वाजवलेली बाखची एक रचना आहे. वडिलांनी करवतीने कापलेल्या खुर्चीवर बसून वाजवणारा हा वादक असा ताऱ्यांच्या वाटेला लागला!

गर्वाचे घर खाली

मुलाचे लाड पुरवणे सोपे, पण त्याला जमिनीवर ठेवणे अवघड. हे अवघड काम मॉन्ट्रियलच्या डॅनियल पीटरसन यांनी केले. ते वेस्ट इंडीजमधून आलेले. रेल्वेच्या शयनयानात प्रवाशांची व्यवस्था बघणारे पोर्टर म्हणून काम करत. कामामुळे दिवसचे दिवस घराबाहेर राहावे लागे. पण निघताना ते प्रत्येक मुलाला संगीताचा धडा देऊन जात आणि परत आल्यावर तो वाजवून घेत. थोरली बहीण डेझी धाकट्यांना शिकवी.

धाकट्या ऑस्करचा जन्म १५ ऑगस्ट १९२५चा. तो आधी ट्रंपेट वाजवायचा. लहानपणी त्याला क्षय झाला आणि वर्षभराहून अधिक काळ इस्पितळात काढावा लागला. नंतर फुंकवाद्य सुटले आणि पियानो हाती आला. बघता बघता पोरगा इतका तयार झाला की त्याच्या डोक्यात हवा गेली. वडिलांच्या ते ध्यानात आले. ते रागावले नाहीत. त्यांनी आर्ट टेटम या अमेरिकन वादकाची एक रेकॉर्ड आणून लावली. ऑस्करला वाटले, दोन माणसे मिळून वाजवत असावीत. एकच माणूस वाजवतो आहे, आणि तोही जवळजवळ अंध आहे, हे कळल्यावर तो हादरला. कित्येक दिवस त्याने पियानोला हात लावला नाही, रात्री रडत राहिला.

मग पुन्हा बसला आणि जॅझ संगीतातला अव्वल वादक झाला. १९९३ साली पक्षाघाताने डावा हात अधू केला, तरी सराव करून तो पुन्हा मंचावर आला. २००५ साली कॅनडाने त्याच्यावर टपाल तिकीट काढले. राजघराण्याबाहेरच्या व्यक्तीला हयातीतच मिळालेला असा मान तिथे तोवर दुसऱ्या कोणाला मिळाला नव्हता.

रंगवलेली खोली

घराने काही दिलेच नाही तर? नोव्हा स्कोशियातल्या मॉड लुईसची कहाणी अशीच आहे. लहानपणापासून संधिवाताने तिची बोटे वाकडी झाली होती. आईने नाताळची शुभेच्छापत्रे रंगवायला शिकवले, तीच तिची शिदोरी. आईवडील गेल्यावर १९३८ साली तिने एका मासेविक्याशी लग्न केले. सुमारे तेरा फूट लांब, बारा फूट रुंद एवढे त्यांचे घर. वीज नाही, नळ नाही.

त्या घरात मॉडने रंगांचा संसार मांडला. दार, भिंती, खिडकीची काच, चूल, पावाचा डबा, जे दिसेल त्यावर फुले, पक्षी आणि फुलपाखरे काढली. रस्त्याने जाणाऱ्यांना ती दोन-तीन डॉलरला चित्रे विकी. १९७० साली ती गरिबीतच वारली. १९७०च्या दशकात एका उपाहारगृहाने चीज घातलेल्या भाजलेल्या सँडविचच्या बदल्यात तिचे एक चित्र घेतले होते. २०२२ साली लिलावात त्याला साडेतीन लाख डॉलर मिळाले! तिचे अख्खे घर आज हॅलिफॅक्सच्या कलादालनात जपून ठेवले आहे.

‘कधी?’

शेवटची गोष्ट टेरी फॉक्सची. शाळेत बास्केटबॉलच्या संघात हा ठेंगणा मुलगा हट्टाने शिरला, पण पहिल्या हंगामात त्याला सगळा मिळून एकच मिनिट खेळायला मिळाले. तरी तो हटला नाही. १९७७ साली, अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. इस्पितळात त्याने लहान मुलांच्या यातना पाहिल्या आणि ठरवले, कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा जमवायला कृत्रिम पायावर अख्खा कॅनडा धावत पार करायचा.

त्याने आईला हे सांगितले तेव्हा ती चिडली. तिला हा शुद्ध वेडेपणा वाटला. कोणत्या आईला वाटणार नाही? वडिलांनी मात्र एकच शब्द विचारला, ‘कधी?’

१२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स गावी, अटलांटिकच्या किनाऱ्यावरून, टेरी निघाला. रोज सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे एक मॅरेथॉन! धाकटा भाऊ डॅरेलही वाटेत सोबतीला आला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसात पोहोचला होता. २८ जून १९८१ रोजी, तेविसाव्या वाढदिवसाच्या एक महिना आधी, तो गेला.

प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर मिळावा, ही त्याची इच्छा त्याच्या हयातीतच पुरी झाली. आणि जी आई आधी ‘नको’ म्हणाली होती, तीच बेटी फॉक्स पुढची तीस वर्षे मुलाचे काम खांद्यावर घेऊन शाळाशाळांतून फिरली. टेरीच्या नावाने दर वर्षी निघणारी दौड आज अनेक देशांत होते. मुंबईकरही तिच्यात धावले आहेत. आजवर या कार्यासाठी ८५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली आहे.

अंगणातले पाणी, कापलेली खुर्ची, एक रेकॉर्ड, रंगांची एक डबी. यांपैकी कशालाही फार पैसे लागले नव्हते. आपले मूल उद्या काहीतरी अचाट बोलून दाखवील, तेव्हा ‘कशाला?’ हा शब्द आपल्या ओठांवर सहज येईल. त्या क्षणी टेरीच्या वडिलांचा तो दोन अक्षरी प्रश्न आठवला, तर बरे!