सूर्य की मांधाता?

मळवली स्थानकाजवळच्या भाजे लेण्यांत, एकोणिसाव्या क्रमांकाच्या विहाराच्या ओसरीत, एका दाराच्या दोन्ही अंगांना कोरलेल्या शिल्पांचा अर्थ आजवर एकमताने लागलेला नाही. डावीकडे चार घोड्यांच्या रथात एक पुरुष दोन स्त्रियांसह बसला असून, एकीने छत्र धरले आहे, दुसरी चवरी ढाळत आहे आणि चाकांखाली राक्षसी देहांच्या आकृती चिरडल्या जात आहेत. उजवीकडे अजस्र हत्तीने उपटलेले झाड सोंडेत उचलले आहे. काही अभ्यासक यांना सूर्य आणि इंद्र मानतात, तर काहींना येथे बौद्ध कथांतील चक्रवर्ती मांधाता दिसतो. ही अनिश्चितता आपल्या अज्ञानाची आहे, कारण कोरणाऱ्याला उत्तर ठाऊक होते.

इलेक्ट्रॉनची अनिश्चितताही अशीच असावी, त्याचे स्थान व संवेग आधीच ठरलेले असून केवळ आपल्याला दिसत नसावेत, अशी आइनस्टाइनची धारणा होती. हायझेनबर्गने 1927 मध्ये मांडलेले तत्त्व तिला पुरेसे उत्तर देत नव्हते. हा वाद तत्त्वचर्चेतून प्रयोगशाळेत आणण्याचे श्रेय जॉन बेल यांचे आहे. जोडीने जन्मलेल्या कणांनी आपली उत्तरे आधीच सोबत नेली असतील आणि प्रकाशापेक्षा वेगाने त्यांचा परस्परांवर परिणाम होत नसेल, तर दोघांच्या मोजमापांतील मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊच शकत नाही, हे त्यांनी 1964 मध्ये सिद्ध केले. क्लाउझर आणि फ्रीडमन यांनी 1972 मध्ये व आस्पे यांनी 1982 मध्ये केलेल्या प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली, म्हणजे ही दोन्ही गृहीतके एकत्र टिकत नाहीत आणि इलेक्ट्रॉनची अनिश्चितता शिल्पांसारखी निव्वळ अज्ञानाची मानता येत नाही. या संशोधनाला 2022 मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा 1990 मध्येच निधन पावलेल्या बेल यांचे नाव मानकऱ्यांत असणे शक्य नव्हते, ही रुखरुख राहतेच.

भाज्याच्या चैत्यगृहात मात्र अनिश्चिततेचा तिसराच प्रकार भेटतो. तेथे बुद्धमूर्ती नाही, केवळ साधा स्तूप आहे. तथागत मृत्यूनंतर असतो, नसतो, दोन्ही, की दोन्ही नाही, या चारही पर्यायांना पाली ग्रंथांत बुद्ध नकार देतो. अशा अनुत्तरित प्रश्नांना अव्याकृत म्हणतात. विझलेली आग कोणत्या दिशेला गेली, हे विचारण्यासारखेच ते आहे, असे तो हा प्रश्न विचारणाऱ्या वच्छगोत्त या परिव्राजकाला समजावतो.

त्यामुळे क्वांटम भौतिकी बुद्धाला आधीच ठाऊक होती, असे सांगणारे लेखन दोघांवरही अन्याय करते. बुद्धाने दुःखनिवारणास निरुपयोगी म्हणून ते प्रश्न बाजूला ठेवले. बेल यांनी मात्र मोजून निकाल लागेल असाच प्रश्न घडवला.