शंभर वेळा थँक यू!

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. ठाण्यात मैत्रिणीच्या घरी चहा पीत बसलेले, आणि माझा मोबाइल चौथ्यांदा वाजला. ‘‘बंद कर गं तो, दिवे लावायची वेळ झाली,’’ काकू म्हणाल्या. मी चक्क स्विच ऑफ केला. एडिटरने माफ करावं!

काकूंचं कुटुंब बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. घरात अस्सल मराठी, कोकणातल्या गावावरून पडलेलं ‘कर’ आडनाव आणि दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली छोटीशी डबी. तिला म्हणतात मेझुझा. आत चर्मपत्रावर हिब्रू वचनं असतात. पूर्वी गावात यांचे तेलाचे घाणे असायचे. शनिवारी ते बंद, म्हणून लोक यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे.

मला वाटायचं, धर्म म्हणजे सिनेगॉग. (पुणेकर ज्याला लाल देऊळ म्हणतात ते १८६७चं ओहेल डेव्हिड, तसलं.) पण इथे खरी गंमत घरातच. माणसाने दिवसाला शंभर आशीर्वचनं म्हणावीत, असं तालमूदमध्ये रब्बी मेईर सांगतात. पाव खाताना वेगळं, इंद्रधनुष्य दिसलं की वेगळं, वीज कडाडली की वेगळं. फळांचं तर विचारूच नका! आंब्याला झाडाच्या फळाचं, पण केळ्याला जमिनीतून उगवणाऱ्याचं, कारण केळ हे झाडच नाही. बॉटनीच्या मॅडम खूश होतील. घास तोंडात टाकण्यापूर्वी क्षणभर थांबून विचार करावा लागतो, हे कुठून आलं? आपण मात्र कीबोर्डवर वडापाव खाणारी माणसं!

आणि एक आशीर्वचन चक्क टॉयलेटमधून बाहेर आल्यावरचं. ‘अशेर यात्सार’. शरीरातल्या नळ्या, पोकळ्या, छिद्रं देवाने नीट घडवली; त्यातलं एक जरी तुंबलं किंवा फुटलं तरी माणूस उभा राहू शकणार नाही, असा त्याचा अर्थ. मला आधी फिस्सकन हसूच आलं. काकू हसल्या नाहीत.

काकांच्या किडन्या गेल्या तेव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यातला एक वार शनिवार. शब्बाथला रिक्षा करून जायचं? ‘‘जीव वाचवायला शब्बाथ मोडायचाच असतो, तसा नियमच आहे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पण हळूहळू यांची लघवीच बंद झाली. मग ते म्हणणार कशाला नि कधी? वर्षभर घरात ते शब्द माझ्या एकटीचे.’’ पुढे काकूंनीच आपली एक किडनी दिली. ऑपरेशननंतर काकांनी ते पुन्हा पहिल्यांदा म्हटलं तेव्हा वॉर्डबॉयला वाटलं, पेशंटला काही त्रास होतोय!

दिवे लागले. काकूंनी डोळ्यांवर हात धरले. मनुकांचं सरबत आलं, ताटं आली. पण काका कुठेत?

बाथरूमचा नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग दाराबाहेर काकांचं पुटपुटणं, अगदी सावकाश. भूक लागली होती सगळ्यांना. काकू हातातला डाव तसाच धरून थांबल्या, आणि ते संपल्यावर त्यांनी आतूनच ‘‘आमेन’’ म्हटलं.