मोर्चा एका दिवसाचा, तारखा अनेक वर्षांच्या

१ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला गेलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंदची हाक आली. आम्ही तेव्हा एका तालुक्याच्या गावातली पंधरा-वीस पोरं होतो. सकाळी विहारात जमलो, त्रिसरण-पंचशील घेतले, निळे झेंडे उचलले आणि तहसील कचेरीकडे निघालो. पोलिसांना पत्र दिले आहे का, हे कुणी विचारले नाही. वकिलाचा नंबर कुणाकडे नव्हता. राग मात्र सगळ्यांकडे होता आणि तो खरा होता.

स्टँडच्या चौकापर्यंत गर्दी दोनशेच्या वर गेली. तिथे कुठून तरी दगड आला आणि एसटीची काच फुटली. तो कुणी मारला, हे आजही आम्हाला सांगता येणार नाही. पळापळ झाली. घरी आल्यावर आम्ही मोर्चाचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. दोन दिवसांनी पोलीस वस्तीत आले तेव्हा त्यांच्या मोबाईलमध्ये तेच व्हिडिओ होते. आरोपींची यादी आम्हीच तयार करून दिली होती.

त्या यादीत आमच्यातला एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. तो पहिल्या रांगेत झेंडा धरून चालला होता. रोज पहाटे मैदानावर धावायचा, पोलीस भरतीची तयारी करत होता. जामीन झाला, मग तारखा सुरू झाल्या. पहिल्या दोन तारखांना आम्ही सगळे गेलो. नंतर कुणी पुण्याला नोकरीला लागला, कुणी मुंबईला. तो एकटा एसटीने जाऊ लागला. पुढे भरतीत त्याची निवड झाली. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर गुन्ह्याचा रकाना आला तेव्हा त्याने आम्हाला फोन केला. आमच्यातलाच एक जण म्हणाला, "नको लिहू, कुणाला कळतंय." त्याने लिहिले नाही. कळले, आणि नाव कटले.

हा लेख त्या सल्ल्याची भरपाई नाही. पण जे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते, ते तुम्हाला ठाऊक असावे म्हणून लिहितो आहोत.

रस्त्यावर उतरणे संविधानाला धरून आहे का?

आपण मोर्चा काढला की कुणीतरी बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण आपल्याच तोंडावर मारतो. त्यात बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडा असे सांगितले, हे खरे आहे. असहकार आणि सत्याग्रह यांचेही नाव घेतले, हेही खरे आहे. संविधानाचे मार्ग खुले असताना असे मार्ग म्हणजे अराजकाचे व्याकरण, असे त्यांचे म्हणणे होते. हे भाषण टाळू नका, पूर्ण वाचा. त्याच संविधानाच्या कलम १९ (१) (ख) ने प्रत्येक नागरिकाला शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे आमच्या मते शांततेचा मोर्चा हा संविधानाबाहेरचा मार्ग ठरत नाही. दगड ठरतो.

महाड आठवा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परतणाऱ्या आपल्या लोकांवर सनातन्यांनी लाठ्या चालवल्या. आपल्या बाजूला लष्करात राहून आलेली माणसे होती आणि ती उलट वार करायला तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे हल्लेखोरांवर खटला चालला आणि त्यातल्या काहींना शिक्षा झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा तळ्यावर जायचे ठरले, तर कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला. हजारो लोक जमलेले असताना बाबासाहेबांनी तो मानला आणि दावा लढवला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ साली. पाणी प्यायला एक दिवस लागला, हक्क सिद्ध करायला दहा वर्षे. दोन्ही कामे बाबासाहेबांनीच केली.

अगदी अलीकडचे उदाहरण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे. २० मार्च २०१८ च्या निकालाने त्याची धार बोथट झाली. २ एप्रिलला भारत बंद झाला. त्या दिवशी देशात अनेकांचे जीव गेले. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने आपलेच ते निर्देश मागे घेतले. रस्ता, संसद आणि कोर्ट असे तिन्हीकडे काम झाले म्हणून हे झाले.

एका दगडाने सगळा मोर्चा आरोपी कसा होतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १८९ नुसार पाच किंवा अधिक माणसे बेकायदेशीर उद्देशाने एकत्र आली तर तो बेकायदेशीर जमाव होतो. कलम १९० सांगते की त्या जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला तर जमावातला प्रत्येक जण दोषी. जुन्या दंड संहितेत हेच कलम १४९ होते आणि आमच्या मित्रावर तेच लागले. कलम १९१ दंगलीचे आहे. बस किंवा सरकारी कचेरी फुटली तर १९८४ चा सार्वजनिक मालमत्तेचा कायदा वेगळा लागतो.

नुसता बघ्या म्हणून उभा असलेला माणूस कायद्याने दोषी ठरत नाही. पण हे कोर्टात ठरेपर्यंत वर्षे जातात आणि तोवर फॉर्मवरचा रकाना भरावाच लागतो.

जाण्याआधी आणि नंतर

निवेदन व मोर्चाचा मार्ग लेखी कळवा आणि पोहोच घ्या. जमावबंदीचा आदेश लागू आहे का, ते विचारा. कोण बोलणार, कोण रांगेच्या कडेने चालणार, हे आदल्या दिवशी विहारात ठरवा. वकिलाचा नंबर मोबाईलमध्ये नको, हातावर पेनने लिहा, कारण मोबाईल जमा होतो. चेहरे दिसणारे व्हिडिओ लगेच फिरवू नका. पण पुसूनही टाकू नका, दगड आपल्या माणसाने मारला नाही याचा तोच पुरावा असू शकतो.

अटक झाली तर कारण सांगितले पाहिजे, नातेवाइकाला कळवले पाहिजे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. कलम २२ आणि नागरिक सुरक्षा संहिता, दोन्हींचा हा आधार आहे. मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणीत आणि दंडाधिकाऱ्यापुढे ती बोला, घाबरून गप्प राहू नका. न वाचता कशावरही सही करू नका. हजर राहण्याची नोटीस आली तर टाळू नका, वकील घेऊन जा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी अडू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करा.

जामिनानंतर एकही तारीख चुकवू नका, वॉरंट निघते. सरकार गुन्हे मागे घेणार अशी घोषणा झाली तरी केस आपोआप मिटत नाही, सरकारी वकिलाला अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. नोकरीच्या फॉर्मवर विचारले असेल तर गुन्हा लिहाच. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न स्पष्ट केला आहे. किरकोळ गुन्हा खरा सांगितला तर विचार होऊ शकतो, पण लपवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते.

आपल्याच गर्दीत "नको" म्हणणे

रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य कोलियांशी युद्धाला निघाले तेव्हा सिद्धार्थने आपल्याच संघात उभे राहून विरोध केला, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये लिहिले आहे. त्याची किंमत म्हणून त्याला घर सोडावे लागले. आम्ही हा प्रसंग अनेकदा ऐकला होता, पण त्या चौकात तो आम्हाला आठवला नाही. शेजारच्याने दगड उचलला तर त्याचा हात धरायला घोषणा देण्यापेक्षा जास्त धाडस लागते. गर्दीत अनोळखी पोरगा चिथावणी देत असेल तर त्याला बाजूला काढा.

मोर्चाला जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबारात दहा माणसे गेली, तेव्हा लोक गप्प बसले असते तर त्याची साधी चौकशीही झाली नसती. जा, पण ज्याला सोबत नेले त्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत सोबत राहा. आपल्या वस्तीत किती जणांच्या केसेस चालू आहेत, याची वही आज किती विहारांत आहे? या रविवारी वंदनेनंतर ती करायला घ्या. नाव, केस नंबर, पुढची तारीख आणि त्या दिवशी सोबत जाणारे दोघे.

आमचा मित्र आता कुरिअरची गाडी चालवतो. केस अजून चालू आहे. मागच्या तारखेला आम्ही तिघे रजा टाकून त्याच्यासोबत गेलो. पाच मिनिटांत पुढची तारीख मिळाली. बाहेर टपरीवर चहा घेतला, तर पैसे त्याने आम्हाला देऊ दिले नाहीत.

पुढच्या तारखेलाही जाणार आहोत.

नमो बुद्धाय, जय भीम.