महाराष्ट्रात परवडणारा आरोग्य विमा: आधी काय तपासावं, मग काय घ्यावं

आरोग्य विम्याचा विषय निघाला की बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या कंपनीचा घेऊ?’ महाराष्ट्रात राहणाऱ्या कुटुंबानं त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. आपल्याला एक पैसाही न भरता, किंवा पगारातून आधीच भरलेल्या पैशांतून, काय मिळतं? या राज्यात त्याचं उत्तर बऱ्यापैकी मोठं आहे. हे संरक्षण हातात असून ते माहीत नसल्यामुळे लोक दागिने गहाण टाकतात, आणि हे थांबवता येण्यासारखं आहे. पॉलिसी विकत घ्यायची ती या संरक्षणात उरलेल्या फटी बुजवण्यापुरती. तसं केलं तर हप्ता आवाक्यात राहतो.

कपाटातली शिधापत्रिका काढा

राज्याची योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावानं चालते. बराच काळ ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती आणि संरक्षण होतं कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं यातल्या दोन्ही गोष्टी बदलल्या. संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांवर गेलं, आणि पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व कार्डधारक व अधिवास प्रमाणपत्र असलेले रहिवासी योजनेत आले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या लोकांनाही ती लागू करण्यात आली. ‘आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला काही मिळत नाही’ हे वाक्य अजून सर्रास ऐकू येतं. आता ते खरं नाही.

केंद्राची आयुष्मान भारत योजना, म्हणजे पीएम-जय, २०१८ पासून आहे आणि महाराष्ट्रात ती राज्याच्या योजनेशी जोडून, राज्य आरोग्य हमी सोसायटीमार्फत राबवली जाते. रुग्णाला कोणत्या योजनेतून पैसे येतात याची चिंता करावी लागत नाही. अंगीकृत, म्हणजे योजनेच्या यादीतल्या, रुग्णालयात दारापाशीच आरोग्यमित्राचा कक्ष असतो. शिधापत्रिका आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन आधी तिथे जायचं. आरोग्यमित्र नोंदणी करतो, डॉक्टर आजाराची कागदपत्रं चढवतात, मंजुरी येते आणि तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, जेवण हे सगळं ठरलेल्या पॅकेजमध्ये होतं. पैसे रुग्णालयाला परस्पर मिळतात.

अडचण येते ती तीन ठिकाणी. पहिली, रुग्णालय अंगीकृत असलं पाहिजे. गावातलं ओळखीचं नर्सिंग होम बऱ्याचदा यादीत नसतं. दुसरी, उपचार यादीत असला पाहिजे. २०२३ च्या निर्णयात १,३५६ उपचार होते. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, भाजणं, अपघात अशा मोठ्या गोष्टी त्यात येतात. पण साध्या तापासाठी दोन दिवस ॲडमिट राहिलं तर ते पॅकेजमध्ये बसेलच असं नाही, आणि काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. तिसरी अडचण सगळ्यात क्षुल्लक आणि तीच सगळ्यात जास्त नडते. रुग्णाचं नाव शिधापत्रिकेवर नसतं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर असतं, लहान मुलाचं कुठेच नसतं, किंवा कार्डाची ऑनलाइन नोंदच झालेली नसते. घरात सगळे धडधाकट असताना तहसील कचेरीत किंवा सेतू केंद्रात एक सकाळ घालवून हे काम उरकून टाका. अतिदक्षता विभागाबाहेर उभं राहून ते होत नाही.

चौकशीसाठी राज्याचा टोल-फ्री क्रमांक १५५३८८ आणि केंद्राचा १४५५५. अंगीकृत रुग्णालय पैसे मागत असेल तर तक्रारही इथेच करायची, आणि ती रुग्ण रुग्णालयात असतानाच केलेली बरी.

घरात सत्तरीच्या पुढचं कोणी आहे?

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात. कुटुंब आधीच आयुष्मान भारतमध्ये असेल तर ज्येष्ठांसाठीचे हे ५ लाख वेगळे मिळतात. आधार कार्डावर वय सिद्ध होतं, बाकी कागदांची गरज नाही. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असलेल्यांना मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. सत्तरीत नवी खासगी पॉलिसी मिळवणं महाग आणि कटकटीचं असतं, म्हणून आजी-आजोबांचं हे काम आधी करा.

पगारपत्रकावरची ईएसआयची कपात

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला आणि दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेतला कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, येतो. दिव्यांगांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. पंधरा हजार पगार असेल तर कामगाराचे महिना साधारण ११३ रुपये जातात. एवढ्या पैशांत पती-पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील यांचे उपचार होतात, आजारपणाच्या रजेत पगाराचा ७० टक्के भाग मिळतो, आणि बाळंतपणाची रजा पूर्ण पगारी असते. बाजारातली कुठलीही पॉलिसी या किमतीत याच्या जवळपासही येत नाही.

तरीही कारखान्यांतली, मॉलमधली, सुरक्षारक्षकांच्या एजन्सीतली कितीतरी मुलं ‘कापून घेतात, मिळत काही नाही’ म्हणून ईएसआयकडे पाठ फिरवतात. रांगा लागतात, हेलपाटे होतात, हे खरं. पण पगारपत्रकावर विमा क्रमांक आहे का, घरच्यांची नावं नोंदली आहेत का, एवढं तरी एचआरला विचारा. आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. किमान पाच वर्षं विम्याखाली काम करून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात.

धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा

हा विमा नाही, पण महाराष्ट्रात त्याचं मोल विम्याइतकंच आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार, आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. शहरातली नावाजलेली, काचेच्या दर्शनी भागाची अनेक रुग्णालयं न्यासांची आहेत आणि या नियमाखाली येतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यायचं बंधनही त्याच योजनेत आहे. दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा उपायुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या.

सार्वजनिक आरोग्य विभागाची ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत, हेही ध्यानात असू द्या.

मग पॉलिसी कशासाठी?

कारण सरकारी योजनेत रुग्णालय यादीतलंच निवडावं लागतं, आणि यादीबाहेरचा आजार आला की खिशात हात घालावा लागतो. नोकरीतला गट विमा असला तरी नोकरी सुटली की तो संपतो. बँका आणि पतसंस्था खातेदारांना स्वस्तात गट पॉलिसी देतात, ती चांगली असू शकते. पण तिचा करार बँक आणि कंपनी यांच्यात असतो, आणि तो पुढच्या वर्षी बंद झाला तर आपल्या हातात फारसं काही नसतं. म्हणून लहान का होईना, एक पॉलिसी स्वतःच्या नावावर असावी असं माझं ठाम मत आहे. वय जितकं कमी असताना ती घ्याल तितकी ती स्वस्त पडते आणि प्रतीक्षा काळ, म्हणजे काही आजारांना पैसे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, निरोगी वर्षांत निघून जातो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसींच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, आधी १८ टक्के लागत असे. नव्या कोटेशनमध्ये कर लावलेला दिसला तर तिथेच विचारा.

हप्ता कमी ठेवायचा तर

पहिला पर्याय म्हणजे ‘आरोग्य संजीवनी’. विमा नियामक इर्डाईनं २०२० मध्ये ठरवून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी आहे. कंपनी कोणतीही असो, अटी त्याच, त्यामुळे फक्त हप्ता आणि जवळच्या कॅशलेस रुग्णालयांची यादी यांची तुलना करायची. अटींचं जंगल ज्यांना नको वाटतं त्यांच्यासाठी ती सोयीची आहे. मात्र प्रत्येक दाव्यात ५ टक्के रक्कम आपण भरायची असते.

दुसरा पर्याय सुपर टॉप-अपचा. पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर, वर्षभरातला पहिला पाच लाखांचा खर्च वगळून, पुढच्या वीस लाखांचं संरक्षण देणारी दुसरी. सरळ पंचवीस लाखांची पॉलिसी घेण्यापेक्षा ही जोडी स्वस्त पडते. ‘सुपर’ हा शब्द पाहून घ्या. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळच्या दाखल होण्याचा खर्च वेगळा मोजतात, सुपरमध्ये वर्षाचा एकत्र मोजतात. काही जण सरकारी पाच लाखांच्या भरवशावर नुसता सुपर टॉप-अप घेतात. यात धोका आहे तो एवढाच की, अंगीकृत नसलेल्या रुग्णालयात जावं लागलं तर पहिले पाच लाख घरातून जातात. तेवढी शिल्लक असेल तरच तसं करा.

खोलीभाड्याची ओळ

स्वस्त पॉलिसीत सगळ्यात जास्त फटका बसतो तो इथे, म्हणून आकडे मांडतो. समजा दोन लाखांची आरोग्य संजीवनी आहे. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या २ टक्के, म्हणजे दिवसाला ४,००० रुपये. रुग्ण ८,००० च्या खोलीत चार दिवस राहिला. बिल झालं खोलीचे ३२,०००, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि शुश्रूषेचे १,००,०००, औषधांचे ४०,०००. एकूण १,७२,०००.

घरच्यांना वाटतं, खोलीचे वरचे सोळा हजार आपले. तसं होत नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतली म्हणून डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहाचं शुल्कही निम्मंच मान्य होतं. खोलीचे १६,०००, शुल्काचे ५०,००० आणि औषधांचे पूर्ण ४०,००० धरून १,०६,००० मान्य झाले. त्यातून ५ टक्के वजा झाल्यावर हाती आले १,००,७००. खिशातून गेले ७१,३००. हाच रुग्ण चार हजारांच्या खोलीत राहिला असता तर, बाकी सगळं तेवढंच धरलं तरी, खिशातून ७,८०० गेले असते. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीत येत नाहीत. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयातही ती लागू होत नाही. ॲडमिशनच्या काउंटरवर ‘कुठली रूम देऊ?’ असं विचारतात, तेव्हा आपली मर्यादा पाठ असली पाहिजे.

मधुमेह, रक्तदाब लपवू नका

एजंट ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ म्हणाला तरी लिहा. आधीपासून असलेल्या आजाराचा प्रतीक्षा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. जाहीर केलेल्या आजाराला तीन वर्षांनी हक्कानं पैसे मिळतात. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, जुन्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही. पॉलिसी हाती आल्यावर तीस दिवसांत ती परत करता येते. त्या दिवसांत सोबत आलेलं ग्राहक माहितीपत्रक तरी शांतपणे वाचून काढा.

कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टेबिलिटीचा अर्ज करा. पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ नव्या कंपनीत धरला जातो. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी इर्डाईशी सल्लामसलत करावी लागते. त्यामुळे नूतनीकरणाची नोटीस आल्यावर गेल्या वर्षीची पावती शेजारी ठेवून पाहा.

दावा अडला तर

कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी, असा २०२४ चा नियम आहे. मंजुरी रखडली तर टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेला, फोनवर हाच नियम सांगा आणि बोलण्याची वेळ लिहून ठेवा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अर्ज द्या, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. राज्यात मुंबई, ठाणे आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. तक्रार एका वर्षाच्या आत करायची, शुल्क नाही, वकील लागत नाही. लोकपाल ५० लाखांपर्यंतची भरपाई देऊ शकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.