पेठांचा सांगाडा उभारणारे सुतार

शनिवारवाडा उभा करणाऱ्या कारागिरांपैकी मोजकी नावे आजही सांगितली जातात: कोंडाजी सुतार, मोराजी पाथरवट, जयपूरचा भोजराज, चितारी रागो. 10 जानेवारी 1730 ला पाया घातला गेला आणि 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत झाली. सागवान जुन्नरच्या जंगलातले, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा. खर्च 16,110 रुपये. दोन वर्षांत एवढा पसारा उभा राहिला याचे मोठे श्रेय सुतारांचे आहे, असे मला ठामपणे वाटते.

वाड्याच्या चौकाभोवतीचा भार लाकडी सांगाडा पेलतो. दगडी तळखड्यावर खांब बसतो, म्हणून त्याच्या बुडाला ओल आणि वाळवी सहज लागत नाही. खांबाच्या माथ्यावर आडवा हस्त येतो. तो दोन्ही बाजूंना पुढे सरकून तुळईला आधार देतो, त्यामुळे तुळई मध्ये वाकत नाही. तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि सगळा हिशेब खणांत: तीन खणी सोपा, पाच खणी दिवाणखाना. एकदा खण ठरला की खांब, कड्या, पाट सगळे एका मापाने कापता येत. वाकसाने तासायचे, गुण्या लावून काटकोन पाहायचा, किंकऱ्याने खाच घ्यायची आणि खांबाच्या टोकाचे कुसू तीत घट्ट बसवायचे. असा सांधा उकलून लाकूड पुन्हा वापरता येते. पाडलेल्या वाड्यांचे सागवान आजही विकत घेतले जाते ते यामुळेच.

इंग्लंडमध्ये ह्यू हर्लंड या राजसुताराने चौदाव्या शतकाच्या अखेरीस वेस्टमिन्स्टर हॉलवर ओकचे छप्पर घातले. सुमारे 68 फूट रुंदीच्या दालनात मध्ये एकही खांब नाही, आणि ते छप्पर अजून उभे आहे. पुण्याच्या लाकडाला मात्र आगीने गाठले. 1828 मध्ये शनिवारवाड्याचे मजले जळाले. बुधवार पेठेतला दुसऱ्या बाजीरावाचा बुधवारवाडा 13 मे 1879 ला खाक झाला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस, त्यामुळे सरकारचा पहिला संशय त्यांच्यावरच गेला.

याच पेठेत तुळशीबागेचे राममंदिर आणि नाना फडणवीसांची बेलबाग आहे. दोन्हींकडे लाकडी सभामंडप आहेत. तिथे गेलात तर खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे जरूर पाहा. सुताराची खरी परीक्षा त्या सांध्यातच होते.